आईच्या पलंगावरची भेग

कुणाच्याही घरी गेले की मी आधी वर बघते. लोक बाळाला बघतात, नव्या सोफ्याला बघतात, मी छताला बघते. पुतणीच्या साखरपुड्यात सगळे फोटोसाठी हसत उभे होते आणि मी एकटी मान वर करून तुळईच्या बगलेतली चीर न्याहाळत होते. तो फोटो अजून घरात फिरतो. नवरा म्हणतो, हिला डोळे टाळूवर पाहिजे होते.

ही खोड नोकरीनं लावली. परभणीत एका प्रयोगशाळेत मी काम करते. ठेकेदार काँक्रीटचे ठोकळे आणून टाकतात, आम्ही ते यंत्रात दाबून फोडतो आणि किती जोर लावल्यावर फुटले ते सांगतो. ठोकळा एकदम फुटत नाही. आधी कुरकुरतो, मग अंगावर केसाएवढी रेघ उमटते, मग तिच्या शेजारी दुसरी, आणि मग बघता बघता सगळाच ढासळतो. इतकी वर्षं हेच बघत आल्यावर नुसत्या उभ्या असलेल्या कुठल्याही गोष्टीवर माझा विश्वास राहिलेला नाही. पुलावरून एसटी चालली की शेजारचा प्रवासी नदी बघतो, मी पुलाच्या खालच्या बाजूला काय चाललं असेल याचा विचार करते. याला कुणी हुशारी म्हणू नये. हे चैन न पडण्याचं दुखणं आहे, आणि आमच्या घरात ते फक्त मलाच झालेलं आहे.

आई पालमला एकटी राहते. ती आणि वडील दोघंही शिक्षक. गावाच्या कडेला, आमच्या वस्तीत, त्यांनी दोन खोल्यांचं आणि एका स्वयंपाकघराचं स्लॅबचं घर बांधलं. वस्तीतलं ते पहिलं स्लॅबचं घर. स्लॅब ओतला त्या दिवशी वडील डोक्याला उपरणं गुंडाळून सकाळपासून संध्याकाळपर्यंत उन्हात उभे होते, जेवायलासुद्धा खाली उतरले नाहीत, असं आई अजून सांगते. ते गेल्यावर मी तिला परभणीला चल म्हणून पुष्कळ मागं लागले. ती म्हणाली, "तुझ्या घरात मला झोप येत न्हाई. तिथं सकाळी कुणी 'बाई' म्हणून हाक बी मारत न्हाई." वस्तीतल्या निम्म्या बायांना तिनंच बाराखडी शिकवलेली. मग मीच महिन्यातून एखाद्या शनिवारी गंगाखेडवरून एसटीनं जायला लागले.

त्या शनिवारी मी गेले तेव्हा पाऊस उघडून बरेच दिवस झाले होते. वाटेत दोन्ही बाजूला सोयाबीनची काढणी चालू होती, ऊन चटके देत होतं. जेवण झालं आणि मी आईच्या लोखंडी पलंगावर आडवी झाले. आडवी झाले म्हणजे साहजिकच वर बघितलं.

बरोबर माझ्या डोक्यावर, पंख्याच्या हुकापासून खिडकीच्या भिंतीपर्यंत, एक पांढरी रेघ गेली होती. तिथं पूर्वी भेग होती हे मला माहीत होतं. काळ्या मातीवरचं घर आहे ते. पावसाळ्यात जमीन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, घर वरखाली होतं, आणि भेगा पडतात. पालममध्ये अशा भेगेला कुणी भेग म्हणत नाही, घराची सुरकुती म्हणतात. पण ही रेघ नवीन होती. पांढरी, दाट, कुणीतरी बोटानं दही लावल्यासारखी.

पहिल्यांदा मला बरं वाटलं, हे मुद्दाम सांगते. कारण काँक्रीटची एक गंमत आहे. भेग बारीक असली तर ती स्वतःच स्वतःला सांधते. झिरपणारं पाणी सिमेंटमधला चुना बरोबर घेऊन येतं, हवा लागली की तो चुना भेगेच्या तोंडाशी घट्ट होतो, आणि होता होता वाट बंद होते. लोक त्या पांढऱ्या डागाला घाबरतात, पण खूपदा तो बरं होण्याचाच डाग असतो. म्हटलं, चला, आईच्या घरानं आपलं आपण निस्तारलं.

तेवढ्यावर पडून राहिले असते तर ती मी कसली? दोन मिनिटांत उठले, पलंगावर स्टूल ठेवलं आणि वर चढले.

"काय करायलीस?" आई स्वयंपाकघरातून ओरडली. "पडशील!"

मी बोट ओलं करून रेघेवरून फिरवलं. चुना असा सहज पुसला जात नाही, खरवडावा लागतो. हे बोटाला लगेच चिकटून आलं. मी बोट जिभेला लावलं.

आई दारात येऊन उभी होती. "आता भिंती चाटायचं बी शिकवतात काय तुझ्या हापिसात?"

मला हसू आलं नाही. असा घट्ट झालेला चुना बेचव लागतो. हे खारट होतं. साधं, जेवणातलं, खारट मीठ. बोट परत ओलं केलं, परत लावलं, परत चाखलं. तेच. आणि आता जवळून बघितल्यावर आणखी एक दिसलं. पांढऱ्या रेघेच्या दोन्ही कडांना चहाच्या रंगाचे डाग होते, आणि एका जागी गिलावा किंचित पोट पुढं काढून उभा होता. मी बोटाच्या पेरानं तिथं टकटक केलं. बद्द आवाज आला.

मी खाली बघितलं. आईची उशी त्या जागेच्या बरोबर खाली होती.

लोकांना वाटतं काँक्रीट म्हणजे दगड. तसं नाही. ते पाणी पितं, फक्त फार सावकाश पितं. पाण्याबरोबर मिठानं आतल्या लोखंडी गजापर्यंत जायचं म्हटलं तर धड काँक्रीटमधून त्याला माणसाचं अर्धं आयुष्य लागावं. भेग पडली की सगळं उलटं होतं. भेग म्हणजे मोकळी वाट. पाणी तिच्यातून सरळ खाली उतरतं, ऊन पडलं की उडून जातं. मीठ उडत नाही. ते तिथंच बसून राहतं, आणि पुढची ओल आली की विरघळून आणखी आत सरकतं. आमच्याकडच्या हवेत तर त्याची चंगळच. चार महिने ओल, आठ महिने भट्टी. काँक्रीटच्या पोटात असेपर्यंत गज सहसा गंजत नाही, सिमेंट त्याला सांभाळतं. मीठ पोचलं की तो सांभाळ संपतो. गज गंजतो, गंजला की फुगतो, फुगला की खालच्या काँक्रीटला ढकलतो. वरून काही दिसत नाही. खाली एक पोट येतं, बद्द वाजतं, आणि मग एके दिवशी पाटाएवढा तुकडा खाली येतो. तो दिवस कुणी सांगू शकत नाही, आणि माझ्यासारखीला नेमकं तेच सहन होत नाही.

"आई, आज इथं झोपायचं नाही. पलंग बाहेरच्या खोलीत घेऊ."

"कामून?"

"वरचा तुकडा पडेल म्हणून."

"तुझ्या म्हणण्यानं तर शाळेचं छत बी पडणार होतं. पोरं अजून तिथं पाढे म्हणायलीत." ती परत स्वयंपाकघरात गेली.

मग मी घरभर फिरत सुटले. प्रश्न एकच होता: मीठ आलं कुठून? समुद्र तर इथून कुठल्या कुठं. घराला पाणी वस्तीच्या विहिरीचं, गोड, डाळ शिजणारं. बांधकामाला वाळू गोदावरीची, चांगली धुतलेली. बोअरच्या मचूळ पाण्यानं सिमेंट कालवलं असतं तर सगळ्या स्लॅबला सारखाच मिठाचा लोणा लागला असता. मी बाहेरच्या खोलीचं छत बघितलं, स्वयंपाकघराचं बघितलं, न्हाणीचं बघितलं. सगळं कोरडं, स्वच्छ. मीठ फक्त आईच्या उशीच्या वरच्या छताला. नळाखाली हात धुतले आणि पुसायच्या आधीच जिना चढायला लागले.

गच्चीवर भेगेचं दुसरं टोक शोधायला वेळ लागला नाही. ती कठड्याच्या बुडाशी सुरू होत होती, आणि तिच्या तोंडात पिंपळाचा वाळलेला खुंट होता.

हा पिंपळ मला माहीत होता. कुण्या पाखरानं बी टाकलं असेल. भेगेत माती साचली, ओल होती, रोप आलं. पहिल्या वर्षी दोन पानं, मग बघता बघता कमरेएवढं. मी तेव्हाच म्हणाले होते की हे उपटा, मुळं स्लॅब फाडतील. मिस्त्रीला बोलावलं. आमच्याकडं सगळ्या डागडुज्या करणारा हा मिस्त्री, वडिलांच्या वेळेपासूनचा. त्यानं पिंपळ बघितला आणि थापी पिशवीत ठेवली. "ताई, दुसरं काय बी सांगा. पिंपळाला म्या हात लावत न्हाई. मुंजा ऱ्हातो त्याच्यात."

आई त्याच्या मुंजावर दुपारभर हसली. भूतबीत काही नसतं, असं त्याला चहा देता देता समजावलं. आणि तो गेल्यावर मला म्हणाली, "पण तोडायचं न्हाई, हे मातर तो बरोबर बोलला."

कारण आईसाठी तो बोधिवृक्ष होता. आमच्या घरात बुद्धाच्या फोटोसमोर रोज वंदना होते, आणि पहिलं शीलच जीव न घेण्याचं. वस्तीत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. बाईंच्या गच्चीवर बोधिवृक्ष स्वतःहून आला. बुद्धपौर्णिमेला विहारातली वंदना झाली की पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया मेणबत्त्या घेऊन आमचा जिना चढायच्या. कठड्यावर ओळीनं मेणबत्त्या लावायच्या. मी एकदा विळा घेऊन वर निघाले होते, तर आई जिन्यात आडवी उभी राहिली. "मी हाय तोवर न्हाई." मी विळा ठेवून दिला आणि रागानं दुपारचीच एसटी पकडली.

नंतर तो पिंपळ वाळला. आई फोनवर म्हणाली, यंदा ऊन लय होतं, उन्हानं गेला. मला इतकं हायसं वाटलं की पुढं काही विचारलंच नाही. पिंपळ आणि उन्हानं जातो? जो दगडातून वर येतो, किल्ल्यांच्या भिंती फोडतो, तो?

मी खाली बसले. खुंटाच्या बुडाशी भेगेच्या कडा पांढऱ्या होत्या. खिशातल्या किल्लीनं थोडं खरवडलं, चाखलं. खारट. इतकं की थुंकावं लागलं. म्हणजे मीठ इथून उतरलं होतं. कुणीतरी झाडाच्या मुळाशी घातलं होतं, झाड वाळवायला. लोक करतात असं. ज्याला झाड तोडायचंही नसतं आणि ठेवायचंही नसतं, तो मीठ घालतो. कुऱ्हाडीचं पाप लागत नाही. झाड वाळतं, आणि उरलेलं मीठ भेगेतून निघतं गजाच्या शोधात.

मला पहिला संशय आला मिस्त्रीवर. दुसरा शेजारच्या घरावर, त्यांच्या भिंतीकडं मुळं जात होती. कुणावर तरी ओरडायला मी इतकी उतावीळ झाले होते की तिथूनच मिस्त्रीला फोन लावला आणि आत्ताच्या आत्ता ये म्हणून सांगितलं.

तो आला तोवर मी जिना कितीदा चढले-उतरले कोण जाणे. आई भुईमुगाच्या शेंगा घेऊन बाहेरच्या खोलीत बसली होती. "बूड टेक की जरा," ती म्हणाली. "घर काय आत्ताच पळून चाललंय का?"

मिस्त्रीनं हातोडीच्या दांड्यानं छत वाजवलं. चांगल्या जागी टणटण, पलंगाच्या वरच्या जागी बद्द. बद्दचा पट्टा मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "ह्ये सुटलंय, ताई," तो म्हणाला. "पण काळजी नका करू. वरून सिमेंटचं पाणी सोडतो, खालून पुट्टी मारतो. दिसणार बी न्हाई."

"दिसणार नाही म्हणूनच तर नको," मी म्हणाले. मीठ आतच राहणार, गज आतच गंजणार, आणि वरून पांढराशुभ्र रंग. आईला तेही कळणार नाही की आता पडायला आलंय. "टेकू लाव आणि हा सगळा पट्टा फोडून काढ. गज उघडे कर, घासून बघू किती उरलेत." आणि लगोलग विचारलं, "खरं सांग. मीठ तू घातलंस का?"

त्यानं दोन्ही कान धरले. "मुंज्याला मीठ? म्या? ताई, मला लेकरंबाळं हायेत." तो इतका घाबरला की मला माझीच लाज वाटली. टेकूची लाकडं घेऊन सकाळी येतो म्हणून तो गेला.

"सकाळपर्यंत तरी पलंग हलवू," मी आईला म्हणाले.

"न्हाई."

"का नाही?"

"खिडकी हाय तिथं. वारं येतं."

"बाहेरच्या खोलीतपण खिडकी आहे."

"बटण हाताशी येतं तिथं. रात्री उठावं लागतं मला."

"मी बाहेर झोपते तुझ्याबरोबर, मी बटण दाबते."

"एकदा न्हाई म्हणलं ना." तिनं शेंग इतक्या जोरात फोडली की दाणा उडून कपाटाखाली गेला. आई हट्टी आहे, पण मूर्ख कधीच नव्हती. साधी गॅसची नळी जुनी झाली तरी सगळ्या वस्तीला बोलावून दाखवणारी बाई ती. डोक्यावर छत सुटलंय हे हातोडीनं वाजवून दाखवल्यावरसुद्धा ती त्याच्याखाली झोपायचं म्हणते, याचा अर्थ मला लागेना. अर्थ लागला नाही की मला बसवत नाही. मी अंगणात आले.

तेवढ्यात शेजारच्या वहिनी धपाट्यांची ताटली घेऊन आल्या. आई गावाला एकटी असते म्हणून त्या सारखं काहीबाही आणून देतात. मी सरळच विचारलं, "वहिनी, गच्चीवरच्या पिंपळाला कुणी काही घातलं का हो?"

त्यांचा चेहरा उतरला. "कोण घालंल, ताई? आमच्या सगळ्यांचा जीव होता त्याच्यात. अन् बाईंचा तर लयच. रोज सांजच्याला तांब्या भरून पाणी घालायच्या त्याला. आमी इथून बघायचो. म्या म्हणलं, बाई, तुमी कामून जिना चढता, मी घालते की. तर म्हणल्या, न्हाई, माझं मीच घालते. दुसऱ्या कुणाला तांब्याला हात लावू देत नव्हत्या." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "इतका जीव लावला, तरी बी वाळला बघा. वाळला तव्हा आमी समद्या रडलो. बाईंनीच आमाला चहा करून दिला."

ताटली माझ्या हातात होती. मी ती घेऊन तशीच स्वयंपाकघरात गेले. आईला रक्तदाब आहे. तिच्या भाजीला मी वरून मीठ घेते, तिच्या वरणाला मी वरून मीठ घेते, लोणचं तर तिनं कधीच सोडलं. पिठाच्या डब्यामागं खड्याच्या मिठाचं पोतं होतं, अर्ध्याच्या वर रिकामं. मी ते यापूर्वी कितीतरी वेळा सरकवून डबा काढला असेल.

बाहेर येऊन मी तिच्यासमोर फरशीवर बसले.

"तांब्यात मीठ किती घालायचीस?"

तिचे हात थांबले. मग ती मांडीवरची टरफलं गोळा करायला लागली. मला वाटलं नाकारेल. शाळेत असताना मी खोटं बोलले की ती असंच काहीतरी आवरत बसायची, आणि मग मीच कबूल व्हायचे.

"मूठभर," ती म्हणाली. "गरम पाण्यात विरघळवून. गार झालं की वर न्यायचे."

"आई!"

"मग काय करू? पावसाळा आला की पलंगावर थेंब पडायचे. तू म्हणायचीस मुळं स्लॅब फाडतात. तुझ्या वडलांनी उन्हात उभं राहून ओतून घेतलेला स्लॅब हाय हा. अन् वर बाया मेणबत्त्या लावायच्या. तोडलं असतं तर कोणत्या तोंडानं त्यांच्यासमोर बसून शील म्हणलं असतं?" तिचा आवाज चढला. "मला घर बी पाहिजे होतं. अन् मी झाड मारलं असं कुणी म्हणायला बी नको होतं. दोन्ही पाहिजे होतं मला. त्या खाली उभ्या राहून बघायच्या, म्हणायच्या, बाईंची किती श्रद्धा. अन् मी वर ओतायची."

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. मला फक्त दिसत होती ती संध्याकाळ, गुडघे धरत जिना चढणारी ती, हातात तांब्या, आणि खालून कौतुकानं बघणाऱ्या बाया. इतक्या दिवसांत तिला हे एकाही माणसाला सांगता आलं नाही. मलासुद्धा नाही. ते मला लागलं.

"बरं, झालं ते झालं," मी म्हणाले. "आता पलंग हलवू."

"न्हाई."

"अगं, आता काय आहे मध्ये?"

"हे बघ, नशीबबिशीब मी मानत न्हाई. वरून कुणी शिक्षा देतं असं बी मानत न्हाई. पण मीठ मी घातलं. ते ज्याच्या डोक्यावर यायचं, त्याच्या डोक्यावर येऊ दे." हे तिनं इतकं शांतपणे सांगितलं, जणू वर्गात कुणी कुठं बसायचं ते ठरवत होती.

तेव्हा कळलं की ती हे आज म्हणत नव्हती. छतावरचा तो चहाच्या रंगाचा डाग तिनं माझ्या कितीतरी आधी बघितला होता. ती रोज त्याच्याकडं बघत झोपत होती, जाणूनबुजून. मी परभणीत परक्यांचे ठोकळे फोडत होते आणि माझी आई इथं स्लॅब पडायची वाट बघत होती. मी भांडायला तोंड उघडलं, गज, गंज, मीठ, सगळं पुन्हा सांगायला लागले, आणि तिच्या चेहऱ्याकडं बघून गप्प झाले. तिला हे सगळं कळलेलं होतं. कळत नसतं तर समजावता आलं असतं.

मी उठले, आतल्या खोलीत गेले आणि तिच्या पलंगावर आडवी झाले. तिच्या उशीवर डोकं ठेवलं. बरोबर डोळ्यांवर ते पोट, ती पांढरी रेघ. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? हातोडीनं वाजवलेलं ताजं होतं. कुठलाही आवाज झाला तरी मी डोळे मिटत होते.

"उठ तिथनं," आई दारात आली.

"नाही उठत. तुझ्या डोक्यावर चालतं तर माझ्यापण चालतं."

"उगं पोरकटपणा करू नको. मिस्त्रीनं काय सांगितलं ऐकलं न्हाई का?"

"मीच तर त्याला बोलावलं होतं."

"उठ म्हणते ना!"

मी पंख्याकडं बघत राहिले. बारीक वाळू माझ्या गालावर पडली. दोनचारच कण, एरवी लक्षातही आलं नसतं. मी हात वर नेला नाही. पण आईनं ते बघितलं होतं.

तिनं पदर खोचला. पलंगाचा पायाकडचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. पलंग हलला नाही. तिनं पाय भिंतीला टेकला आणि परत ओढला, दात आवळून, सत्तरी ओलांडलेली माझी आई. पलंग शहाबादी फरशीवरून कर्कश ओरडत हातभर सरकला. मग आणखी हातभर. रेघ माझ्या डोळ्यांवरून कपाळावर गेली, कपाळावरून मागं गेली. दाराच्या चौकटीपर्यंत ओढत आणल्यावर तिचा दम संपला. ती दांड्यावर ओणवी झाली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आई, अगं थांब, कंबर जाईल तुझी."

"बायांना काय सांगायचं ते मी सांगीन," ती धापा टाकत म्हणाली. "एक जीव घेतला मी मीठ घालून. तुझा न्हाई घेणार. उठ."

मी उठले, आणि पलंगाचं दुसरं टोक धरलं.